नव्वद टक्के सवलत आणि मुलीचा अर्ज

प्रश्न : सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश देत आहोत. पती टेम्पो चालवतात, त्या घरी शिवणकाम करतात, थोडी कोरडवाहू जमीन आहे. मुलगा दहावीत आणि मुलगी आठवीत, दोघंही गावच्या अनुदानित हायस्कूलमध्ये. मुलगा वर्गात पहिल्या तिनात असतो. शहरातल्या एका खासगी क्लासने शाळेत 'टॅलेंट सर्च' परीक्षा घेतली, त्यात त्याला 'नव्वद टक्के स्कॉलरशिप' लागली. अकरावी-बारावी आणि जेईई (आयआयटीसारख्या कॉलेजांची इंजिनीअरिंग प्रवेशपरीक्षा) मिळून दोन वर्षांचा कोर्स आहे. सवलत धरूनही होस्टेल, मेस, पुस्तकं असा पहिल्या वर्षाचा खर्च सव्वा लाखाच्या वर जातो. जागा राखण्यासाठी २५,००० रुपये या महिनाअखेर भरायचे आहेत, आणि त्यासाठी गळ्यातलं सोनं गहाण ठेवावं असा त्यांचा विचार आहे. त्या लिहितात, 'माझी नणंद पुण्यात असते. तिच्या मुलाकडे प्रमाणपत्रांची जाडजूड फाइल आहे. आम्हाला खेड्यात सगळं उशिरा कळतं. सगळ्या शिष्यवृत्त्यांची यादी द्याल का? मुलगी अभ्यासात मध्यम, दहा-बारावा नंबर येतो. दिवसभर नुसते प्रश्न विचारते, परवा मिक्सर उघडून बसली होती. तिचं शिष्यवृत्तीत काही होईल असं वाटत नाही. निदान मुलाची संधी तरी हातची जाऊ नये.'

ताई,

पैसे भरायची तारीख जवळ आली आहे, म्हणून आधी तेच सांगते. ते पंचवीस हजार आत्ता भरू नका, आणि त्यासाठी सोनं तर मुळीच गहाण ठेवू नका.

तुमच्या मुलाने परीक्षा चांगली दिली, त्याचं कौतुक करा. पण त्याला जे मिळालंय ती फीमधली सवलत आहे. शिष्यवृत्तीत पैसे मुलाच्या खात्यावर येतात. इथे ते तुमच्या घरातून जाणार आहेत. क्लासने आपल्या फीचा आकडा स्वतः ठरवला आणि त्यातून किती वजा करायचं तेही स्वतःच ठरवलं. शिवाय ही नव्वद टक्के सूट बहुधा फक्त शिकवणी शुल्कावर आहे. होस्टेल, मेस, पुस्तकं, सराव परीक्षा यांचा आकडा तसाच्या तसा राहिला, म्हणून तर बेरीज सव्वा लाखावर जाते.

तरीही क्लासचा विचार करायचा असेल तर त्यांच्याकडून काही गोष्टी कागदावर लिहून घ्या. दोन्ही वर्षांची एकूण रक्कम किती? दुसऱ्या वर्षी सवलत तशीच राहणार, की चाचण्यांतल्या गुणांवर कमी होणार? मुलाचं मन लागलं नाही आणि तो मध्येच परत आला तर किती पैसे परत मिळतील? केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, प्रवेश दहावीच्या परीक्षेनंतरच द्यावा, आणि मुलगा मध्येच सोडून गेला तर उरलेल्या काळाचे पैसे दहा दिवसांत परत करावेत, असं त्यांत म्हटलं आहे. तुमचा मुलगा अजून दहावीत आहे, बोर्डाची परीक्षा पुढच्या वर्षी. आत्ता पैसे मागणं हेच या सूचनांच्या विरुद्ध आहे, आणि तसं तुम्ही त्यांना शांतपणे विचारू शकता. जागा जाईल याची भीती बाळगू नका. दहावीच्या निकालानंतर असे क्लास मुलांच्या शोधात असतात, आणि तेव्हा तुमच्या हातात मुलाचे खरे गुण असतील.

आता मला तुम्हालाच एक विचारायचं आहे. तुमच्या पत्रात जेईई हा शब्द कितीतरी वेळा आलाय, पण मुलाला काय करायचंय ते कुठेच आलेलं नाही. त्याला विचारलंत का? परीक्षेत निवड झाली म्हणून तो खूश असेल, वडिलांना अभिमान वाटतोय म्हणून 'हो' म्हणत असेल. एखाद्या संध्याकाळी क्लासचा विषय न काढता त्याच्याशी बोला. त्याला इंजिनीअरिंगच हवं असेल तरी वाट एकच नाही. दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनात तीन वर्षांचा डिप्लोमा करता येतो. तुमच्या जिल्ह्यात कऱ्हाडला शासकीय तंत्रनिकेतन आहे, फी खासगीच्या मानाने बरीच कमी. डिप्लोमा करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. बारावी केली तर राज्यातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांना एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेवर प्रवेश मिळतो, त्याला जेईई लागतेच असं नाही. तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात राहून तयारी करायची तर केंद्राचं 'साथी' नावाचं मोफत ऑनलाइन व्यासपीठ आहे, आयआयटी कानपूरच्या मदतीने चालणारं. त्यावर जेईई आणि नीटचे (मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचे) धडे, सराव प्रश्न आणि चाचण्या मिळतात. तुम्ही प्रवर्ग लिहिलेला नाही, म्हणून सगळ्यांचंच सांगते. इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या दहावी पास मुलांना नागपूरची 'महाज्योती' जेईई, नीट, सीईटीचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते, सोबत टॅब आणि इंटरनेटही देते. अनुसूचित जातींसाठी पुण्याची 'बार्टी' आणि मराठा-कुणबी मुलांसाठी पुण्यातलीच 'सारथी' अशा संस्था आहेत. त्यांच्या जाहिराती दहावीच्या निकालाच्या आसपास येतात. मे-जूनमध्ये आठवड्यातून एकदा त्यांच्या वेबसाइटवर नजर टाकायला मुलालाच सांगा.

मुलाबद्दल एवढं पुरे. आता मुलीबद्दल.

ताई, तुमच्या पत्रात मुलासाठी दीड पान आहे आणि मुलीसाठी चार ओळी. तुम्ही मुद्दाम केलंय असं मी म्हणत नाही. दहावी डोक्यावर असली की घरात दुसरं काही दिसत नाही. पण या घडीला तुमच्या घरात ज्या मुलासमोर खऱ्या शिष्यवृत्तीचं दार उघडं आहे, ते मूल म्हणजे तुमची मुलगी. आणि ते दार फक्त याच वर्षी उघडं आहे.

राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी शिष्यवृत्ती योजना. शाळेत सगळे तिला एनएमएमएस म्हणतात. केंद्र सरकारने ती २००८ साली सुरू केली. आठवीत असतानाच ही परीक्षा द्यायची असते. शाळा शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा अनुदानित हवी. तुमची आहे. आई-वडिलांचं मिळून वार्षिक उत्पन्न ३,५०,००० रुपयांच्या आत हवं. तुमचं आहे. सातवीत ५५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातींना त्यात पाच टक्के सूट. वर्गात दहा-बारावा नंबर येणाऱ्या मुलीला ५५ टक्के नक्की असतील. पहिल्या तिनात यायची अट कुठेही नाही. निवड झाली तर नववी ते बारावी दरमहा १,००० रुपये, म्हणजे वर्षाला १२,००० आणि चार वर्षांत ४८,०००. थेट तिच्या खात्यावर. देशभरात दरवर्षी एक लाख मुलांना ही शिष्यवृत्ती मिळते, त्यात महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ आहे.

परीक्षेत काय असतं तेही सांगते, कारण 'ती मध्यम आहे' या समजुतीचा तुम्हालाच पुन्हा विचार करायला लावायचाय. ९० गुणांचे दोन पेपर असतात, प्रत्येकी दीड तासाचे. एक शालेय क्षमता चाचणी, म्हणजे सातवी-आठवीचं विज्ञान, समाजशास्त्र आणि गणित. दुसरी बौद्धिक क्षमता चाचणी. तिच्यात पाठांतर नसतं, तर्क असतो. साधारण असे प्रश्न : २, ६, १२, २०, पुढची संख्या कोणती? हा आज संध्याकाळी मुलीला घालून बघा. एखादं मूल फरक बघेल, ४, ६, ८, मग १०, म्हणजे ३०. दुसरं म्हणेल की एक गुणिले दोन, दोन गुणिले तीन, तीन गुणिले चार, चार गुणिले पाच, म्हणून पुढे पाच गुणिले सहा. उत्तर तेच. जी मुलगी मिक्सर बंद पडल्यावर 'का बंद पडला' म्हणून तो उघडून बसते, तिला या पेपरात गंमत वाटायची शक्यता पुष्कळ आहे. सहामाहीच्या गुणांत ही बुद्धी दिसत नाही, कारण सहामाहीत ती कोणी विचारतच नाही.

अर्ज तुम्ही घरून भरू शकत नाही, तो शाळेच्या लॉगिनमधून मुख्याध्यापक भरतात. परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, बहुतेक डिसेंबरात, आणि अर्ज त्याआधी काही महिने भरले जातात. म्हणून याच आठवड्यात शाळेत जा. काही शाळा फक्त वर्गातल्या पहिल्या पाच-दहा मुलांचेच अर्ज भरतात. शाळेचा निकाल चांगला दिसावा एवढाच त्यामागे हेतू असतो. तुमच्या मुलीला कोणी असं गाळलं तर आवाज न चढवता म्हणा, 'नियमात बसते, अर्ज भरा, तयारीचं आम्ही बघतो.' हा तिचा हक्क आहे. तयारीसाठी महागडा क्लास लावायची गरज नाही. मागच्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून सोडवायची सवय, आणि जमलं तर वर्गातल्या दोन-तीन मैत्रिणींबरोबर रविवारचा अभ्यास. भावाला दहावीतून आठवड्याचा एक तास काढून बहिणीला गणित शिकवायला सांगा. त्याचीही उजळणी होईल.

आणखी एक, कारण हे फार थोड्यांना माहीत असतं. परीक्षेत मुलगी उत्तीर्ण झाली (साधारणपणे ४० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग मुलांना ३२ टक्के लागतात), पण कोटा भरल्यामुळे निवड यादीत आली नाही, तर मराठा आणि कुणबी समाजातल्या अशा मुलांना 'सारथी' छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती देते. महिन्याला ८००, वर्षाला ९,६०० रुपये, तीही नववी ते बारावी. तुम्ही त्या प्रवर्गात असाल तर निकालात नाव नाही म्हणून निराश होऊन बसू नका. लगेच शाळेत विचारा.

निवड झाल्यावरचं काम मात्र निवडीपेक्षा किचकट आहे. पैसे कुठे बुडतात तेही इथेच कळेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुलीची निवड झाली की नववीत गेल्यावर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, म्हणजे एनएसपीवर, तिची नव्याने नोंदणी करावी लागते. आपोआप होत नाही. त्यानंतर दहावी, अकरावी, बारावी असं दरवर्षी नूतनीकरण. एखाद्या वर्षी राहिलं तर त्या वर्षाचे पैसे गेले. सगळ्यात जास्त मुलं अकरावीला गळतात. दहावीपर्यंत शाळेतले सर आठवण करतात. मुलगी ज्युनिअर कॉलेजात गेली की तिथे तिला ही शिष्यवृत्ती आहे हेच कोणाला ठाऊक नसतं. तेव्हा प्रवेशाच्या दिवशीच कॉलेजच्या ऑफिसात सांगायचं, 'ही एनएमएमएसधारक आहे, नूतनीकरण करायचंय.' आणि गुणांची अट लक्षात ठेवा : आठवीत आणि नववीत ५५ टक्के, दहावीला ६०.

मग कागद. मुलांची नावं तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी असतात. शाळेच्या रजिस्टरला आडनाव आधी, आधार कार्डावर वडिलांचं नाव गाळलेलं, बँकेच्या पासबुकात घरी हाक मारायचं नाव. माणसाला कळतं की मुलगी एकच. कॉम्प्युटरला कळत नाही. तो अर्ज परत पाठवतो, आणि तो परत आलाय हे तुम्हाला मुदत संपल्यावर कळतं. आज रात्री तिन्ही कागद शेजारी ठेवा आणि अक्षर अक्षर ताडून बघा, जन्मतारखेसकट. फरक असेल तर दुरुस्ती आत्ताच सुरू करा, तिला वेळ लागतो.

बँकेतही नीट विचारा. 'खात्याला आधार लिंक आहे का' असं विचारलंत तर कारकून हो म्हणेल, कारण खातं काढताना आधार दिलेलंच असतं. तुम्ही विचारायचं ते असं : 'सरकारी अनुदान जमा होण्यासाठी या खात्याचं आधार सीडिंग झालंय का?' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सरकारी पैसे आधार क्रमांकावर पाठवले जातात आणि त्या क्रमांकाशी शेवटी जे खातं सीड झालेलं असेल तिथे जाऊन पडतात. दोन खाती असली तर भलत्याच खात्यात पैसे पडून राहतात आणि घरचे म्हणतात, शिष्यवृत्ती आलीच नाही. कोणतं खातं सीड आहे ते आधारच्या वेबसाइटवर फुकट बघता येतं.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. 'आपले सरकार' केंद्रातून अर्ज करा. हा दाखला साधारण त्या आर्थिक वर्षापुरता, म्हणजे ३१ मार्चपर्यंत चालतो, तेव्हा दरवर्षी एप्रिल-मेमध्ये नवा काढायची सवय लावून घ्या. जून-जुलैत तिथे दाखल्यांसाठी अख्खा तालुका उभा असतो. जातीचा दाखला आणि लागू असेल तर नॉन क्रिमीलेअर, दोन्ही मुलांचे एकदमच काढायला टाका. दहावीनंतर महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, अर्ज करताना मुलाला हेच कागद लागणार आहेत. आणि एक जपा : शिष्यवृत्ती मंजूर झालीय, आधी प्रोसेसिंग फी भरा किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी सांगा, असा फोन आला तर तो ठेवून द्या. खरी शिष्यवृत्ती देणारं कोणीही असे पैसे किंवा ओटीपी फोनवर मागत नाही.

तुम्ही सगळ्या शिष्यवृत्त्यांची यादी मागितलीत. ती मी देत नाही, आणि याचं कारण आळस नाही. शंभर नावांची यादी घरात आली की त्यातल्या नव्वद आपल्याला लागू नसतात, आणि उरलेल्या दहांच्या तारखा त्या गर्दीत निसटतात. तुमच्या घराला लागू होणाऱ्या मोजक्याच आहेत. मुलीसाठी एनएमएमएस, आणि लागू असेल तर सारथी. समाजकल्याण किंवा बहुजन कल्याण विभागाची सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती लागू आहे का, तेवढं शाळेत विचारा. आठवी ते दहावीच्या मुलींनाही ती मिळते. रक्कम छोटी आहे, पण अर्ज शाळाच भरते. मुलासाठी दहावीच्या निकालानंतर महाडीबीटी, आणि 'विद्याधन'. सरोजिनी दामोदरन फाउंडेशनची ही शिष्यवृत्ती दहावीला चांगले गुण आणि दोन लाखांच्या आत उत्पन्न असणाऱ्यांना अकरावी-बारावीसाठी मिळते, अर्ज निकालानंतर ऑनलाइन. तो अनुसूचित जातीचा असेल आणि ७५ टक्क्यांच्या वर गेला, तर अकरावी-बारावीत राजर्षी शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्ती दरमहा ३०० रुपयांची आहे. नवोदय या केंद्राच्या निवासी विद्यालयातही आठवीतून नववीला आणि दहावीतून अकरावीला प्रवेशपरीक्षा असते. राहणं-जेवण-शिक्षण मोफत, जागा मात्र रिकाम्या असतील तेवढ्याच.

हे पत्र वाचणाऱ्या ज्या पालकांची मुलं विनाअनुदानित शाळेत आहेत, त्यांना एनएमएमएस देता येत नाही. पण शाळेतल्या विज्ञान उपक्रमांची आणि महाडीबीटीची दारं त्यांनाही उघडी आहेत. एनटीएसच्या नावाने कोणी क्लास लावायला सांगत असेल तर सांभाळा. ती राष्ट्रीय प्रज्ञाशोध योजना २०२१नंतर थांबवण्यात आली आहे. तिची अधिकृत जाहिरात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता नणंदेच्या घरातली फाइल. तिच्या मुलाने कष्ट केले असतील, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण फी भरून दिल्या जाणाऱ्या खासगी ऑलिम्पियाडमध्ये बऱ्याच मुलांना काही ना काही पदक मिळतं, आणि त्याचा पुढे प्रवेशाला उपयोग होत नाही. गणित आणि विज्ञानाची खरी ऑलिम्पियाड मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या देखरेखीखाली होतात. तिथे पहिला टप्पा ओलांडणंही अवघड असतं, पण आवड असलेल्या मुलाने त्यांचे जुने पेपर फुकट उतरवून सोडवले तरी त्याचं डोकं तल्लख होतं. प्रमाणपत्र असं हवं, जे मिळवताना मुलाच्या हातून काहीतरी घडलं. शासकीय रेखाकला परीक्षा आठवा. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीला ७ गुण वाढतात, ब श्रेणीला ५, क श्रेणीला ३. त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे मूल वर्षभर बसून चित्र काढायला शिकतं.

तुमच्या मुलीसाठी मला सगळ्यात आशा वाटते ती 'इन्स्पायर मानक'ची. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची ही योजना आहे. प्रत्येक शाळा मुलांच्या पाच कल्पना ऑनलाइन पाठवू शकते. निवडलेल्या कल्पनेचं मॉडेल बनवायला मुलाच्या खात्यावर १०,००० रुपये येतात, मग जिल्हा, राज्य, राष्ट्रीय प्रदर्शन. कल्पना इंटरनेटवरून उचललेली चालत नाही, रोजच्या अडचणीतून आलेली लागते. तुम्ही शिवणकाम करता. बॉबिनचा दोरा संपला तरी सुई वरखाली होतच राहते, कापड पुढे सरकतं, आणि हातभर शिवण झाल्यावर लक्षात येतं की खाली टाकाच बसलेला नाही. ही अडचण मुलीला सांगून बघा. दोरा संपत आला की आईला कसं कळवता येईल? छोटा दिवा? घंटी? बॉबिन फिरायची थांबलीय हे ओळखायचं कसं? उत्तर मला माहीत नाही, तुम्हाला माहीत नाही, आणि म्हणूनच तो चांगला प्रश्न आहे. ती आठवडाभर त्यावर विचार करेल, चित्रं काढेल, दहातल्या नऊ वेळा चुकेल. मशीन दुपारी तासभर तिच्या हाती द्या. मिक्सर उघडला म्हणून रागावू नका, फक्त प्लग काढल्याशिवाय हात लावायचा नाही हा नियम कडक ठेवा. विज्ञानाच्या सरांना भेटून म्हणा, 'हिच्याकडे एक कल्पना आहे, पाच जणांत हिचं नाव पाठवाल का?' तीच कल्पना तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनातही ठेवता येते.

पुढच्या वर्षी ती नववीत गेली की डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा देता येईल. मुंबईचं विज्ञान अध्यापक मंडळ १९८१पासून ती घेतं, सहावी आणि नववीसाठी, मराठी माध्यमातही. लेखी परीक्षेनंतर प्रत्यक्ष प्रयोग आणि मग प्रकल्प, मुलाखत. हाताने काम करणाऱ्या मुलांना इथे मान आहे. आणि नणंद पुण्यात आहे हे तर चांगलंच झालं. येत्या सुट्टीत मुलीला तिच्याकडे पाठवा आणि भाच्याला सांगा, हिला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका दाखव. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञानदिनी, आयुका सर्वांसाठी खुली असते. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या रेडिओ दुर्बिणीपाशीही त्या दिवसांत मोठं प्रदर्शन भरतं आणि शाळांची मुलं आपापले प्रयोग घेऊन येतात. तुमच्या शाळेने एक एसटी ठरवून मुलांना तिथे नेलं तर चाळीस घरांचं काम होईल. पालक सभेत हा विषय काढा.

'आम्हाला उशिरा कळतं' हे वाक्य माझ्या मनात राहिलं आहे. ते खरं आहे, पण गाव लहान आहे म्हणून तसं होत नाही. कळवणारं माणूस जवळ नसतं म्हणून होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईत शिकत होते, तरी त्यांना कॉलेजसाठी सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली ती कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींमुळे. गुरुजींनी बागेत वाचत बसणाऱ्या त्या मुलाला हेरलं आणि त्याच्यासाठी महाराजांपर्यंत शब्द टाकला. पुढे १९१३ साली त्यांना कोलंबियाला जाता आलं ते बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर. तुमच्या सातारा जिल्ह्यात तर कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि मुलं गोळा करायला ते स्वतः गावोगाव फिरले. असा एक शिक्षक तुमच्या मुलीला हवा. तो विज्ञानाचा असेल, गणिताचा असेल किंवा शाळेतला क्लार्कसुद्धा असेल, ज्याला पोर्टलच्या तारखा पाठ असतात. त्याला शोधा, महिन्यातून एकदा भेटा, 'काही नवीन निघालंय का' विचारा. तुम्ही शिवणाऱ्या बाई, तुम्हाला काय कळतं, असं मनात आणू नका. मुख्याध्यापकांच्या ऑफिसात जाऊन विचारणारी आई फारच थोड्या मुलांना असते. त्या मुलांचे अर्ज राहत नाहीत.

खर्चाबद्दल एक शेवटचं. मुलीच्या पुढच्या शिक्षणाची काळजी तुम्ही लिहिली नाहीत, पण ती असणार. २०२४-२५पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास (एसईबीसी) आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना शासनाने व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत दिली आहे. तेव्हा सोनं घरातच राहू द्या आणि मुलीच्या इंजिनीअरिंगचा विचार आजपासून मुलाच्या बरोबरीने करा.

सोमवारी शाळेत जाताना मुलीला बरोबर न्या. अर्जावर फोटो आणि आधार क्रमांक लागेल, आणि सातवीची गुणपत्रिका. अर्ज भरल्यावर त्याची प्रत मागून घ्या. नाव, प्रवर्ग, उत्पन्न आणि माध्यम या चार रकान्यांवर तिनेच बोट ठेवून वाचून बघू दे. चूक निघाली तर दुरुस्तीची मुदत असेपर्यंत सरांना सांगता येईल.